दोन भाषांचा सुपुत्र : सखाराम गणेश देउस्कर



महाराष्ट्राबाहेर ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण खुद्द महाराष्ट्रात ज्यांची ओळख फार थोड्यांना आहे, अशा मराठी माणसांची यादी आपण करू लागलो तर सखाराम गणेश देउस्कर यांचे नाव तिच्यात फार वर येईल. बंगालमधील स्वदेशीच्या चळवळीचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. हिंदी पत्रकारितेचे आधारस्तंभ बाबूराव विष्णू पराडकर हे नात्याने त्यांचे भाचे आणि विचाराने त्यांचे शिष्य. असे असूनही आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे एखादे पुस्तक हाती घेतले असेल? याचे कारण साधे आहे. देउस्करांचे घर मराठी होते, पण त्यांची लेखणी बंगाली होती. ज्या पुस्तकांमुळे त्यांचे नाव झाले ती सर्व त्यांनी बंगालीत लिहिली.

आणि त्या बंगाली भाषेत मराठ्यांची ख्याती कशासाठी होती हे ध्यानात घेतले, म्हणजे त्यांच्या कार्याचे मोल आपणास कळू लागते. मराठ्यांच्या नावाचे भय त्या भाषेतील अंगाईगीतातच शिरलेले होते.

बारगीर आणि ‘बर्गी’

मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत, हे आपण शाळेत शिकलो आहोत. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, आणि ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर. मराठी वाचकाच्या कानाला या शब्दात काही भयंकर ऐकू येत नाही. बंगालीत मात्र याच शब्दाचा ‘बर्गी’ झाला, आणि त्याचा अर्थ झाला अचानक येणारा, लुटणारा, जाळणारा घोडेस्वार.

हे कसे घडले ते थोडक्यात पाहू. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्कर राम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. नबाब अलीवर्दीखान याच्याकडून चौथाई वसूल करणे हा हेतू होता. तेव्हापासून १७५१ पर्यंत या स्वाऱ्या पुनःपुन्हा होत राहिल्या. भागीरथीच्या पश्चिमेकडील बरद्वान, बीरभूम, मेदिनीपूर या भागांतील गावेच्या गावे ओस पडली. माणसे मुलाबाळांसह नदी ओलांडून पूर्वेकडे पळाली. कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती मोठा खंदक खणावयास घेतला. मराठे तेथवर कधी आलेच नाहीत, आणि पुढे तो अर्धवट खंदक बुजवून त्यावरून रस्ता काढण्यात आला. पण ‘मराठा डिच’ हे नाव लोकांच्या तोंडी दीर्घकाळ राहिले.

गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्रपुराण’ नावाचे काव्य रचले. त्याची मांडणी धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. आरंभी कवी म्हणतो की, पृथ्वीवर पाप माजले म्हणून देवानेच मराठ्यांना शासन करण्यासाठी पाठविले. परंतु शासन करणारेच ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांच्यावर हात टाकू लागतात, तेव्हा देवी त्यांच्यावर कोपते आणि नबाबाकडे वळते. यशया संदेष्ट्याने अश्शूरविषयी जे सांगितले त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. देवाच्या हातची काठी म्हणून ज्याचा उपयोग झाला, तोच उन्मत्त झाला तर त्याचाही न्याय होतो, हे यशयाने जाणले होते. बंगालच्या एका खेड्यातील कवीने आपल्या दुःखातून जवळपास तेच जाणले.

महाराष्ट्राला याच घटनांतले वेगळेच काही आठवते. आपल्याकडे आठवण राहिली ती भोसल्यांच्या पराक्रमाची, आणि १७४४ साली मानकरा येथे अलीवर्दीखानाने बोलणी करण्याच्या निमित्ताने भास्करपंतांना छावणीत बोलावून सरदारांसह ठार मारले त्या विश्वासघाताची. तोही खोटा नव्हे, घडलेलाच आहे. शेवटी १७५१ साली तह झाला. नबाबाने प्रतिवर्षी बारा लक्ष रुपये चौथाई म्हणून देण्याचे कबूल केले आणि ओरिसा नागपूरकरांकडे गेला. असे हे दोन समाज. एकाच काळातून दोघेही गेले, आणि दोघांनीही आपापली जखम तेवढी जपून ठेवली.

तथापि या दोन समाजांची भेट केवळ रणांगणावर झाली नाही, हे आपण ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये. तहानंतर अर्धशतकाने त्याच बंगालमध्ये श्रीरामपूर येथे डॉ. विल्यम केरी मराठीचे काम करीत होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. वैद्यनाथ नावाचे मराठी पंडित त्यांचे साहाय्यक होते. १८०५ साली केरींचे मराठी व्याकरण आणि मत्तयकृत शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर छापून निघाले, आणि १८११ साली संपूर्ण नवा करार. त्या भाषांतराची मराठी नागपूरकडच्या वळणाची होती, आणि पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर केले, हे खरे. परंतु आपल्या भाषेतील शुभवर्तमान पहिल्याने छापले गेले ते बर्गींच्या भयाने ग्रासलेल्या त्या प्रांतात, हे सत्य उरतेच. बंगालचे आपणांवर हे ऋण आहे. ते फेडण्याचा प्रयत्न वेगळ्या मार्गाने ज्या मराठी माणसाने केला, त्याच्याकडे आता वळू.

करों गावचा मुलगा

देउस्करांचे पूर्वज मूळचे कोकणातील देऊस गावचे. आडनावही त्यावरूनच आले. अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता पूर्वेकडे पसरू लागली तेव्हा हे घराणे वैद्यनाथधाम देवघरजवळच्या करों या गावी येऊन स्थायिक झाले. हा भाग आज झारखंड राज्यात आहे. त्या काळी तो बंगाल प्रांतात, संथाळ परगण्यात मोडत असे. येथे १७ डिसेंबर १८६९ रोजी सखाराम यांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे असतानाच आई वारली. त्यांचा सांभाळ आत्याने केला. या बाई मराठी वाङ्मयाच्या चांगल्या जाणकार होत्या. घराबाहेर बंगाली आणि हिंदी, घरात मराठी, आणि मौंजीनंतर वेदाध्ययनासाठी संस्कृत, अशा चार भाषांत हे मूल वाढले.

पिढ्यान्‌पिढ्या परमुलुखात राहूनही घरची भाषा टिकते, ती बहुधा अशा एखाद्या आत्येमुळे, आजीमुळे किंवा मावशीमुळे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. शाळा, बाजार, कचेरी ही सर्व दुसऱ्या भाषेत चालतात. स्वयंपाकघर तेवढे उरते. त्या स्वयंपाकघरात जर कोणी शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगत असेल, तर मुलाला कळते की आपण कोठून तरी आलो आहोत.

पण सखारामांचे वैशिष्ट्य असे की, घरच्या भाषेवरील प्रेमाने त्यांना बाहेरच्या भाषेपासून तोडले नाही. देवघरच्या शाळेत शिकून १८९१ साली ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८९३ पासून त्याच शाळेत शिक्षक झाले. देवघरला त्या वेळी एक थोर बंगाली वृद्ध राहत असत. ते म्हणजे राजनारायण बसू, ब्राह्म समाजाचे एक पुढारी, बंगाली राष्ट्रीय वृत्तीचे आद्य प्रवर्तक आणि श्री अरविंद घोष यांचे मातामह. त्यांच्या सहवासात तरुण सखाराम वाढले. पुढे क्रांतिकारक म्हणून प्रसिद्धीस आलेले अरविंदांचे धाकटे बंधू बारींद्रकुमार हे देवघरच्या शाळेत सखारामांचे विद्यार्थी होते. आत्याने मराठी इतिहास दिला आणि राजनारायणबाबूंनी बंगाली वाणी दिली. पुढच्या सर्व आयुष्यात त्यांनी या दोन देणग्यांची एकमेकींशी गाठ घातली.

‘हितवादी’चा मुद्रितशोधक

शिक्षकाची नोकरी फार दिवस टिकली नाही. देवघर येथील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या जुलमी कारभाराविरुद्ध सखाराम कलकत्त्याच्या ‘हितवादी’ या बंगाली पत्रात लेख लिहू लागले. लिहिणारा कोण हे कळल्यावर नोकरी जाण्याची पाळी आली. त्यांनी शाळा सोडली आणि ते कलकत्त्यास आले. जे पत्र त्यांचे लेख छापीत होते, त्याच पत्रात त्यांनी मुद्रितशोधक म्हणून नोकरी धरली.

मुद्रितशोधनाचे काम केलेल्यांना ठाऊक आहे की भाषेचा असा गुरू दुसरा नाही. दुसऱ्याच्या प्रत्येक वाक्याची काना-मात्रा तपासता तपासता त्या भाषेची नाडी हाती येते. सखारामांचे तसेच झाले. त्यांची बंगाली इतकी निर्दोष आणि सरळ झाली की, नाव वाचल्याशिवाय लेखक मराठी आहे हे कोणाच्या ध्यानी येऊ नये. मुद्रितशोधकाचे ते लेखक झाले, साहाय्यक झाले, आणि १९०७ साली ‘हितवादी’चे संपादक कालीप्रसन्न काव्यविशारद यांचे निधन झाल्यावर संपादकपद त्यांच्याकडे आले.

दरम्यान त्यांची पुस्तके निघू लागली होती. १९०१ साली न्यायमूर्ती रानडे वारले, आणि त्याच वर्षी देउस्करांनी बंगालीत ‘महामती रानडे’ हे चरित्र लिहिले. ‘झाशीचा राजकुमार’ आणि ‘बाजीराव’ या विषयांवरील पुस्तकेही त्याच सुमारास आली. त्यांच्या हेतूविषयी शंका राहू नये अशी ही निवड आहे. बंगाली वाचकाला मराठा ठाऊक होता तो घोड्यावर बसून गाव जाळणारा. देउस्करांनी त्याच्यासमोर न्यायासनावर बसलेला, विधवांची व शेतकऱ्यांची चिंता वाहणारा, प्रार्थना समाजात उपासना चालविणारा मराठी माणूस उभा केला.

अर्थात जमीन अगदीच नापीक नव्हती. आय.सी.एस. झालेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ ठाकूर यांनी मुंबई इलाख्यात दीर्घकाळ नोकरी केली होती व तुकोबांचे अभंग बंगालीत नेले होते. रमेशचंद्र दत्तांनी १८७८ साली शिवकालावर बंगाली कादंबरी लिहिली होती. मात्र या थोर मंडळींनी महाराष्ट्र पाहिला तो पाहुण्याच्या नजरेने. देउस्कर घरातून बोलत होते.

शिवाजी उत्सव आणि त्याची सावली

लोकमान्य टिळकांनी महाराष्ट्रात सुरू केलेला शिवाजी उत्सव १९०२ साली कलकत्त्यास साजरा होऊ लागला, त्यात देउस्करांचा पुढाकार होता. ज्या शहराने मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, त्याच शहरात दीडशे-एकशे साठ वर्षांनी शिवाजी महाराजांच्या नावाने सभा भरू लागल्या, ही गोष्ट लहान नव्हे. देउस्करांनी शिवचरित्रावर बंगालीत छोटी पुस्तके लिहिली. १९०४ साली त्यांच्या अशाच एका पुस्तिकेच्या निमित्ताने रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘शिवाजी उत्सव’ ही प्रसिद्ध कविता लिहिली. त्या कवितेत रवींद्रनाथांनी जुन्या आठवणीला बगल दिली नाही. शिवरायांचे ध्येय त्या काळी बंगालला उमगले नव्हते हे त्यांनी मान्य केले, आणि मग आदराने हात पुढे केला. एका समाजाच्या कवीने दुसऱ्या समाजाच्या वीराला असे आपले म्हणावे, याचे श्रेय मधल्या दुभाष्याला द्यावयास हवे.

आता सावलीविषयी. सत्य सांगावयाचे तर तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. १९०६ च्या जून महिन्यात स्वतः टिळक, दादासाहेब खापर्डे आणि डॉ. मुंजे कलकत्त्याच्या उत्सवास आले. त्या वर्षी उत्सवात भवानीच्या मूर्तीची पूजा झाली. मूर्तिपूजा न मानणाऱ्या ब्राह्म मंडळींना ती रुचली नाही. मुसलमान बंगाल्यांनाही त्या मंडपात आपले स्थान कोठे आहे हे कळेना. दोन समाज जवळ येत होते, पण ज्या अंगणात ते भेटत होते तेथे तिसऱ्याला बसावयास जागा नव्हती. बर्गींच्या स्वाऱ्यांत होरपळलेल्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही होते; समेटाच्या सोहळ्यात मात्र दोघांना सारखे बोलावणे गेले नाही.

लखनौच्या अलीगंज भागात, जेथे बसून मी हे लिहीत आहे, तेथे हनुमानाचे एक जुने मंदिर आहे. अवधच्या नबाबी घराण्यातील बेगमेने ते बांधविले अशी परंपरा आहे, आणि त्याच्या कळसावर चंद्रकोर आहे. ज्येष्ठ महिन्यातील ‘बडा मंगल’ला येथे वाटसरूंना पाणी व प्रसाद वाटणाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक असतात. परंपरेचा इतिहास अभ्यासकांनी तपासावा. परंतु ज्या आठवणीत दोघांनाही आपला वाटा दिसतो ती टिकते, एवढे या कळसाकडे पाहून म्हणता येते. १९०६ च्या कलकत्त्याला अशी चंद्रकोर सुचली नाही.

‘देशेर कथा’

देउस्करांचे नाव ज्या पुस्तकाने अमर केले ते ‘देशेर कथा’, म्हणजे देशाची गोष्ट, १९०४ साली प्रसिद्ध झाले. त्यात वीर नाहीत, लढाया नाहीत. आहेत ते आकडे. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि विल्यम डिग्बी यांनी इंग्रजीत सिद्ध केलेली गोष्ट देउस्करांनी शेतकऱ्याच्या मुलाला वाचता येईल अशा बंगालीत मांडली. विणकर कसा बुडाला, दुष्काळ का पडतात, शेतसारा कोठे जातो, कच्चा माल बाहेर जाऊन पक्का होऊन कसा परत येतो, हे त्यांनी हिशेबाने दाखविले. शिवाय त्यांनी आणखी एक खोल गोष्ट सांगितली. राज्यकर्ते केवळ भूमी जिंकत नाहीत. ते जितांच्या मनावर मोहिनी घालतात, आणि मग जित लोक स्वतःला राज्यकर्त्यांच्याच डोळ्यांनी पाहू लागतात. मनावरच्या या विजयाची चर्चा पुढे जगभर पुष्कळ झाली. देउस्करांनी ती १९०४ साली बंगालीत केली.

पुढच्याच वर्षी बंगालची फाळणी झाली, आणि स्वदेशीच्या वणव्यात हे पुस्तक घरोघर गेले. थोड्याच वर्षांत त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. बंगाली तरुणांच्या मनाची पकड घेण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा होता, असे श्री अरविंदांनी नमूद केले आहे. राजकीय स्वातंत्र्याच्या अर्थाने ‘स्वराज’ हा शब्द प्रथम वापरल्याचे श्रेयही त्यांनी याच मराठी लेखकाच्या बंगाली पुस्तकाला दिले आहे.

या शब्दापाशी क्षणभर थांबू. भाषांतरकाराला शब्दांचे प्रवास पाहण्याची सवय असते. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्यांत तीन शब्द होते: स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी. शिवाजी महाराजांनी मिळविलेला, आपल्या अंमलाखालील मुलूख ते स्वराज्य. ज्या परमुलुखाकडून उत्पन्नाचा चतुर्थांश घ्यावयाचा ती चौथाई. मराठी दफ्तरात बंगालचे नाव दुसऱ्या शब्दाखाली होते. बंगालने मराठ्यांकडून चौथाई हा शब्द ऐकला, आणि तो अंगाईगीतातल्या खंडणीच्या चिंतेत उरला. मग त्याच मराठी कुळातला एक माणूस आला आणि त्याने दफ्तरातला पहिला शब्द उचलून बंगालच्या हाती दिला. पूर्वजांनी जे स्वतःसाठी राखून ठेवले होते, ते वंशजाने शेजाऱ्याला देऊन टाकले. वाचकहो, परतफेड याहून वेगळी काय असते?

सुरत, आणि त्यानंतर

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस फुटली. मवाळ आणि जहाल वेगळे झाले. ‘हितवादी’चे मालक मवाळांच्या बाजूचे होते. संपादकाने टिळकांच्या विरुद्ध लिहावे अशी त्यांची अपेक्षा होती. देउस्करांनी नकार दिला आणि राजीनामा दिला. मुद्रितशोधकापासून चढत चढत मिळविलेले पद त्यांनी काही महिन्यांतच सोडले. कोणी म्हणेल की मराठी माणसाने मराठी पुढाऱ्याची बाजू घेतली यात विशेष ते काय? परंतु बंगालमधील असंख्य तरुणांचे मत तेच होते. देउस्करांची निष्ठा जातीवर असती तर त्यांनी बंगाली शेतकऱ्याच्या कर्जाचे हिशेब मांडण्यात आपले डोळे शिणविले नसते.

१९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेस नेण्यात आले. देउस्करांनी त्यांच्या खटल्याची हकीकत आणि संक्षिप्त चरित्र बंगालीत प्रसिद्ध केले. ‘हितवादी’ सोडल्यावर ते कलकत्त्याच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात बंगाली भाषा आणि हिंदुस्थानचा इतिहास शिकवू लागले होते. बंगाली मुलांना बंगाली शिकविण्यासाठी मराठी माणूस नेमला जावा, याहून मोठे प्रशस्तिपत्र ते कोणते? परंतु १९१० साली सरकारने ‘देशेर कथा’ आणि टिळकांवरील पुस्तक या दोहोंवर बंदी घातली. आपल्यामुळे संस्थेवर संकट येऊ नये म्हणून त्यांनी तेथूनही निवृत्ती घेतली.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. घरातील वियोगाने आणि आजाराने ते खचले. १९११ च्या डिसेंबरात बंगालची फाळणी रद्द झालेली त्यांनी पाहिली; टिळकांची सुटका पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २३ नोव्हेंबर १९१२ रोजी करों येथे त्यांचे निधन झाले. वयाची त्रेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाही उरला नव्हता.

ज्या सुरतेच्या फुटीने त्यांचे संपादकपद गेले, ती फूट भरून निघाली नऊ वर्षांनी, लखनौ शहरात. १९१६ च्या डिसेंबरात येथे भरलेल्या काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल पुन्हा एकत्र बसले. मंडालेहून परतलेले टिळक आले, आणि अध्यक्षस्थानी होते बंगालचे अंबिकाचरण मजुमदार. हिंदू-मुसलमानांचा करारही याच अधिवेशनात झाला. कलकत्त्याच्या मंडपात ज्यांना जागा नव्हती, त्यांना निदान या मंडपात खुर्ची मिळाली. देउस्कर असते तर या अधिवेशनाची हकीकत त्यांनी बंगालीत लिहिली असती, यात मला शंका नाही.

मधे उभा राहणारा माणूस

दोन समाजांच्या सीमेवर जन्मलेली माणसे सर्वत्र असतात, आणि त्यांची परीक्षाही सर्वत्र सारखीच असते. युरोपातील पोल आणि युक्रेनी लोकांचे उदाहरण घ्या. दोघेही ख्रिस्ती, शतकानुशतकांचे शेजारी. तरी १९४३ साली व्होलिनिया प्रांतात युक्रेनी राष्ट्रवाद्यांनी पोलिश खेडुतांच्या कत्तली केल्या, आणि १९४७ साली पोलंडच्या सरकारने आपल्या हद्दीतील युक्रेनी कुटुंबांना घरांतून उठवून देशभर विखरून टाकले. दोघांच्या आठवणी अजूनही एकमेकींशी भांडतात. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात जी सुमारे पाच हजार पोलिश माणसे आसऱ्यास होती, त्यांतील पुष्कळांना पोलंडच्या पूर्वेकडील अशाच संमिश्र वस्तीच्या प्रदेशांतून सोव्हिएत राजवटीने हद्दपार केले होते.

त्याच प्रदेशात देउस्करांहून चार वर्षांनी मोठे असलेले आंद्रेय शेप्टिट्स्की जन्मले. त्यांचे घराणे मूळचे युक्रेनी वंशाचे, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने पोलिश झालेले. त्यांचे मातामह प्रसिद्ध पोलिश नाटककार, आणि एक बंधू पोलंडच्या सैन्यात सेनापती. ते स्वतः पूर्वजांच्या पौर्वात्य उपासनापद्धतीकडे परतले आणि १९४४ साली मृत्यू येईपर्यंत लव्हीव येथे युक्रेनी ग्रीक कॅथलिक मंडळीचे महाधर्मप्रांताधिपती होते. पोल लोकांना ते घरभेदी वाटत, आणि युक्रेनी लोकांना आरंभी परके. त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, २००५ साली, दोन्ही राष्ट्रांच्या बिशपांनी एकमेकांना क्षमा करण्याचे व एकमेकांकडे क्षमा मागण्याचे पत्र प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध लादले गेले तेव्हा लक्षावधी युक्रेनी निर्वासितांना पोलंडने आसरा दिला. जखमा तेवढ्याने बुजल्या नाहीत, पण दार उघडले गेले.

देउस्करांच्या वाट्याला क्षमेची पत्रे आली नाहीत. महाराष्ट्राने बंगालची क्षमा मागावी असे कोणाला सुचलेही नाही. देउस्करांनीही बर्गींचा हिशेब पुरता मांडला असे म्हणता येत नाही; त्यांनी शिवरायांचे उज्ज्वल चरित्र पुढे केले आणि नागपूरकरांच्या स्वाऱ्या मागे राहू दिल्या. परकीय सत्तेशी झुंजण्याच्या त्या काळात हे समजण्यासारखे आहे. तरीही ते काम अपुरे राहिले, आणि ते पुढे दुसऱ्या एका जोडीने केले. बंगाली इतिहासकार सर जदुनाथ सरकार आणि मराठी इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी अर्ध्या शतकाच्या स्नेहात कागदपत्रे एकत्र तपासली. एकाने शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले, आणि बंगालमधील मराठी स्वाऱ्यांचा कटू वृत्तांतही लिहिला. दुसऱ्याने मतभेद असतील तेथे मतभेद नोंदविले, पण मैत्री सोडली नाही. देउस्करांनी उघडलेल्या दारातूनच ही जोडी आत आली, असे मला वाटते.

वाचकहो, पवित्र शास्त्रातील रूथचा ग्रंथ लहान आहे. मवाबी लोकांविषयी इस्राएलाच्या मनात जुना सल होता, आणि नियमशास्त्रात त्याची नोंदही होती. रूथने त्या नोंदीविषयी वाद घातला नाही. ती परक्या शेतात सरवा वेचीत राहिली, आणि तिच्याच वंशात दावीद जन्मला. सखाराम गणेश देउस्करांनीही वाद घातला नाही. ज्यांच्या पूर्वजांची पिके आपल्या लोकांनी उद्ध्वस्त केली होती, त्यांच्या शेतकऱ्याची बाजू त्यांनी त्याच्याच भाषेत मांडली, आणि त्यासाठी तीन वेळा नोकरी सोडली.

आपल्यापैकी पुष्कळजण आज महाराष्ट्राबाहेर राहतात. कोणी कलकत्त्यास, कोणी बडोद्यास, कोणी तंजावरास, कोणी येथे उत्तरेत. आपण जेथे राहता तेथील भाषा आपण बाजारापुरती शिकला असाल. तिच्यातील अंगाईगीतेही ऐका. शेजाऱ्याला आपल्या पूर्वजांविषयी काय आठवते ते एकदा विचारा, आणि तो सांगू लागला की मधे बोलू नका. तो काय सांगतो ते ऐकल्यानंतरच आपल्या घरातील कोणता शब्द त्याला देण्याजोगा आहे हे आपणास कळेल.